टोकन द्यायच्या आधी: ठाणे-नवी मुंबईत रीसेल फ्लॅट घेताना खिशातून नेमके किती जातात

रविवारी दुपारी भाचीचा फोन आला. "मामा, नेरूळला एक वन बीएचके पाहिलाय. दुसरा मजला, स्टेशनपासून चालत दहा मिनिटं. नव्वद सांगतायत. बँक ऐंशी टक्के देते, म्हणजे आपले अठरा लाखच लागतील ना?"

"अठरा नाही गं, तीस धर. आणि टोकन देऊ नकोस अजून."

ती गप्प झाली. मग म्हणाली, "तीस? कशाचे?"

त्या 'कशाचे'चं उत्तर खाली मांडलंय. घर बघण्याआधी हा कागद तयार असला तर दहातले सहा फ्लॅट बघायलाच जावं लागत नाही, रविवार वाचतात. बहुतेक जण उलटं करतात: आधी फ्लॅट आवडतो, मग गणित त्याच्या मापाने कापून बसवतात. मीही तसंच केलं होतं, ते पुढे येईलच.

आधी स्वतःचा आकडा

किमतीकडे बघायच्या आधी एका कागदावर तीन रकमा लिहा. आज हातात असलेले आणि मोडता येणारे पैसे (एफडी, म्युच्युअल फंड, पीएफमधून काढता येणारी रक्कम). घरच्यांकडून नक्की मिळणारे, 'बघू' म्हणालेले नव्हेत. आणि यातले किती हलवायचे नाहीत. तिसरी रक्कम लोक लिहीत नाहीत. निदान सहा हप्त्यांएवढे पैसे घर घेतल्यावरही खात्यात राहिले पाहिजेत; नोकरी गेली किंवा आईचं ऑपरेशन निघालं तर बँक थांबत नाही.

आता कर्ज. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या मूल्याच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्क्यांपर्यंत आणि ७५ लाखांवरच्या कर्जाला ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते. ही मर्यादा आहे, हक्क नव्हे. तुमच्या पगाराप्रमाणे बँक त्याहून कमीही देईल.

यात एक खाच आहे, आणि ठाण्यातल्या आजच्या किमती नेमक्या तिथेच येऊन बसतात. ९३ लाख ७५ हजारांचे ८० टक्के म्हणजे बरोबर ७५ लाख. किंमत त्याच्या वर गेली की ८० टक्के देताच येत नाहीत, आणि ७५ टक्क्यांनी हिशेब केला तर १ कोटीला पुन्हा ७५ लाखच येतात. म्हणजे पावणेचौऱ्याण्णव लाखांपासून १ कोटीपर्यंत किंमत कितीही सरकली तरी कर्ज ७५ लाखांवर अडकून राहतं, आणि वरचा प्रत्येक रुपया तुमच्या खिशातून जातो. "नव्वदचा घेतच होतो, अठ्ठ्याण्णवला जरा मोठा मिळतोय" असं वाटेल तेव्हा हे आठवा. त्या आठ लाखांतले तीनच लाख बँकेचे असतील.

नव्वद लाखांच्या फ्लॅटला, ७२ लाख कर्ज धरून, खिशातून जाणारे पैसे असे:

- स्वतःचा हिस्सा: १८,००,०००
- मुद्रांक शुल्क, ७ टक्के: ६,३०,०००
- नोंदणी शुल्क: ३०,०००
- दलाली १ टक्का, वर १८ टक्के जीएसटी: १,०६,२००
- सोसायटीची हस्तांतरण रक्कम: २५,६००
- बँकेचं प्रक्रिया शुल्क, मूल्यांकन, वकील, नोटीस ऑफ इंटिमेशन (कर्जासाठी कागद गहाण ठेवल्याची सरकारी नोंद): अंदाजे ७५,०००

बेरीज २६,६६,८००. रंग, ग्रिल, स्वयंपाकघराच्या ट्रॉल्या, न्हाणीघराची गळती यांना ३ लाख धरले की २९,६६,८००. नवी मुंबईत असाल तर सिडकोचं (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाचं) हस्तांतरण शुल्क यात अजून आलेलं नाही.

मुद्रांक शुल्काचे सात टक्के असे बनतात: मूळ ५, स्थानिक संस्थेचा १ आणि मेट्रोचा १. ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही महापालिकांच्या हद्दीत हाच हिशेब आहे. नोंदणी शुल्क १ टक्का असतं, पण ३० हजारांच्या वर जात नाही. रीसेल फ्लॅटच्या किमतीवर जीएसटी नाही. बँक कर्ज ठरवताना मुद्रांक आणि नोंदणीची रक्कम घराच्या किमतीत धरत नाही, त्यामुळे हे सगळे पैसे तुमचेच. आणि रेडी रेकनरचं (सरकारने त्या भागासाठी ठरवलेल्या दराचं) मूल्य करारातल्या किमतीपेक्षा जास्त निघालं तर शुल्क रेडी रेकनरवर लागतं. ते नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर गावाच्या आणि सर्व्हे नंबरच्या हिशेबाने बघता येतं.

फ्लॅट फक्त बाईच्या नावावर घेतला तर १ टक्का सवलत आहे. इथे ९० हजार वाचतात. (पूर्वी असा फ्लॅट पंधरा वर्षं पुरुषाला विकता येत नसे, ती अट २०२३ मध्ये काढली.) नवरा-बायको दोघांचं नाव लागलं की सवलत गेली. भाचीने लगेच विचारलं, "मग माझ्या एकटीच्या नावावर घेऊ?" घे, पण जावयाला जुन्या कररचनेत व्याजाची २ लाखांपर्यंतची वजावट हवी असेल तर त्याला मालक असावं लागतं. नुसता सहकर्जदार असून चालत नाही. नव्या कररचनेत असाल तर राहत्या घरावर ही वजावट नाहीच, त्यामुळे प्रश्नही उरत नाही. दोघांचे पगार कोणत्या रचनेत आहेत ते बघून ठरवा.

भाव कशाचा सांगतायत

दलाल सांगतो, "सातशे पन्नासचा आहे साहेब, बारा हजार रेट." हे सातशे पन्नास म्हणजे सुपर बिल्ट-अप, त्यात जिना, लिफ्ट, लॉबी सगळं आलं. जुना करारनामा उघडा. त्यात बहुधा बिल्ट-अप (भिंतींसकटचं क्षेत्रफळ) चौरस मीटरमध्ये असतं. ५७.६ चौरस मीटर असेल तर १०.७६४ ने गुणा: ६२० चौरस फूट. १.२ ने भागलं की कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, जवळपास ५१७. नव्वद लाखांना ५१७ ने भागा. भाव सतरा हजार चारशेच्या वर गेला. दोन फ्लॅट तोलायचे तर नेहमी कार्पेटवर तोला, आणि टेप घेऊन जा. टेप काढताना घरमालक जरा नाराज होतात, होऊ देत.

खरी किंमत कळायची सोपी वाट म्हणजे त्याच इमारतीत किंवा शेजारच्या इमारतीत नुकते झालेले व्यवहार. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर गाव, वर्ष आणि सर्व्हे नंबर टाकला की इंडेक्स टू (नोंदलेल्या व्यवहारांचे सारांश) दिसतात, त्यात मोबदल्याची रक्कम असते. सर्व्हे नंबर जुन्या करारातून घ्या. दोन-तीन व्यवहार पाहिले की 'मार्केट रेट' या शब्दाचा वजनदारपणा बराच उतरतो.

टोकनआधी मागायचे कागद

इथे घाई करू नका. "उद्या दुसरी पार्टी येतेय" हे वाक्य प्रत्येक फ्लॅटसोबत फुकट मिळतं.

बिल्डरने पहिल्या मालकाला दिलेल्या करारापासून आजच्या मालकापर्यंतचे सगळे नोंदणीकृत करार हवेत, प्रत्येकाच्या नोंदणीच्या पावतीसह. मधला एक मूळ करार हरवलेला असेल तर पोलिसांत तक्रार, वृत्तपत्रात जाहीर सूचना अशी वाट असते, आणि काही बँका तरीही नाक मुरडतात. शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदत्वाचं), भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा महापालिकेचा दाखला), मालमत्ता कराची शेवटची पावती, सोसायटीचं 'थकबाकी नाही' पत्र. सोसायटीच्या नावावर कन्व्हेयन्स, म्हणजे जमिनीच्या मालकीचा दस्त, झालंय का, तेही विचारा.

फ्लॅट वारशाने आलेला असेल तर थांबा. नौपाडा, पाचपाखाडीतल्या जुन्या इमारतींत हे सर्रास दिसतं: वडील गेले, सोसायटीने नॉमिनी म्हणून थोरल्याचं नाव लावलं, आता तो विकतोय. नॉमिनी हा मालक नसतो. बाकीच्या वारसांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र किंवा तेही करारावर सही करणारे हवेत. अमेरिकेतल्या बहिणीची "हरकत नाही" असं व्हॉट्सअॅप चालत नाही.

नवी मुंबईत आणखी एक पायरी. जुन्या नोड्समधली (सिडकोने आखलेल्या उपनगरांतली) जमीन सिडकोने भाडेपट्ट्याने दिलेली आहे, बहुतेक ठिकाणी ६० वर्षांच्या. सिडकोची स्थापना १९७० ची, तेव्हा वाशीसारख्या सुरुवातीच्या नोडमध्ये किती वर्षं उरली हा आकडा विचारण्यासारखा असतो. हस्तांतरणाला सहसा सिडकोची परवानगी आणि शुल्क लागतं. ते क्षेत्रफळ आणि नोडप्रमाणे बदलतं. कोण भरणार हे टोकनआधी बोलून घ्या. न बोललेला खर्च घेणाऱ्याच्या गळ्यात पडतो. विकणाऱ्याने स्वतः घेताना सिडकोकडे नाव लावलंच नसेल, तर त्याच्या वाटची फीही तुमच्याकडे येऊ बघते. भाचीच्या नेरूळच्या फ्लॅटमध्ये नेमकं हेच निघालं: दोन व्यवहार झाले होते आणि सिडकोच्या दप्तरी पहिलाच मालक होता.

ठाण्यात सिडको नाही, पण काही जमिनी भोगवटादार वर्ग दोनच्या, म्हणजे विकण्यावर सरकारी बंधन असलेल्या, आहेत. तिथे जिल्हाधिकारी कार्यालयाची परवानगी लागू शकते. वकिलाला हे वेगळं विचारा. वकील तुमचा असावा, दलालाने आणलेला नको.

टोकन आणि माझी फजिती

घोडबंदर रोडला काही वर्षांपूर्वी एक फ्लॅट ७४ लाखांना ठरवला. ८० टक्के म्हणजे ५९ लाख २० हजार कर्ज मिळणार, असं धरून चाललो. दोन लाख टोकन दिलं आणि पावतीवर एकच ओळ: 'व्यवहारापोटी प्राप्त.' अट कोणतीही नाही.

मग बँकेचा मूल्यांकन करणारा आला. कडेवर फाइल, हातात लेझरचं मापयंत्र. हॉलच्या भिंतीला ते लावलं, लाल ठिपका खिडकीशी गेला, त्याने आकडा वाचला आणि मंजूर नकाशाची झेरॉक्स उघडली. पुन्हा मोजलं. "ही बाल्कनी आत घेतलीय," तो म्हणाला, "नकाशात नाही." मला त्या हॉलचं मोठेपणच आवडलं होतं. दलाल मागून बोलला, "होऊन जाईल साहेब, बँक आपलीच आहे."

झालं नाही. मूल्य आलं ६८ लाख ५० हजार. बँक करारातली किंमत आणि मूल्यांकन यांतली कमी रक्कम धरते, त्यामुळे कर्ज ५४ लाख ८० हजारांवर आलं. ४ लाख ४० हजारांचं भगदाड, तेही तीन आठवड्यांत बुजवायचं. विकणारा टोकन परत द्यायला तयार नव्हता आणि पावती त्याच्या बाजूने होती. सासऱ्यांनी एफडी मोडली. एक शब्द बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

म्हणून टोकन शक्य तेवढं कमी ठेवा, बँकेतूनच द्या आणि पावतीवर एवढं लिहून घ्या: फ्लॅटचा पूर्ण पत्ता आणि ठरलेली किंमत, कागद सदोष निघाले, कर्ज नाकारलं गेलं किंवा मूल्यांकन अमुक रकमेच्या खाली आलं तर टोकन इतक्या दिवसांत परत, सोसायटी आणि सिडकोचा खर्च कोणाकडे, आधीची थकबाकी विकणाऱ्याकडे, ताब्याची तारीख, पंखे, कपाटं, एसी यांतलं काय राहणार. बँकेला टोकनआधी मूल्यांकन करून द्यायला सांगता आलं तर उत्तम. काही बँका करतात, हजार-दोन हजार फी घेतात. माझ्या साडेचार लाखांपुढे ते चहापाण्याचे पैसे.

विकणारा "दहा लाख वरचे कॅशमध्ये द्या" म्हणाला तर उठा. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याला चालत नाही, आणि दंड घेतलेल्या रकमेएवढाच होऊ शकतो. शिवाय करारात किंमत कमी दिसली की कर्जही कमी, आणि उद्या विकताना तुमचा नफा कागदावर फुगतो. आज त्याने वाचवलेला कर तेव्हा तुम्ही भरता.

कर्ज

७२ लाख, २० वर्षं, ८.५ टक्के. हप्ता ६२,४८३. पहिल्या महिन्यात त्यातले ५१,००० व्याजाचे आणि फक्त ११,४८३ मुद्दलाचे. व्याजदर आहे तसाच राहिला तर वीस वर्षांत एकूण जातात जवळपास दीड कोटी.

घरात येणाऱ्या पगाराच्या ४० टक्क्यांवर हप्ता जाऊ नये, असं माझं मत; बँक पन्नास म्हणेल. बँकेला तुमच्या मुलीची शाळा दिसत नाही.

२०१९ च्या ऑक्टोबरपासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जं बाहेरच्या दराला, बहुतेक रेपोला (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते त्याला), जोडलेली आहेत. दर वाढला की बँक सहसा हप्ता तोच ठेवते आणि मुदत वाढवते. ८.५ चे ९ झाले आणि हप्ता ६२,४८३ च राहिला, तर २४० महिन्यांचे २६७ होतात. सव्वादोन वर्षं जास्त, आणि एसएमएस आला एवढंच कळतं. दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडायची मुभा बँकेने द्यायची असते. मागा.

उलटंही होतं. हप्त्यासोबत महिन्याला ५ हजार जास्त भरले तर साधारण २०० महिन्यांत कर्ज संपतं आणि व्याजाचे १५ लाख वाचतात. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीला दंड नाही. पण सुरुवातीच्या वर्षात सगळी शिल्लक कर्जात ओतू नका. ते सहा हप्ते आधी.

विकणाऱ्याचंही कर्ज चालू असेल तर घाबरायचं कारण नाही, फक्त क्रम सांभाळायचा. त्याने आपल्या बँकेकडून थकीत रकमेचं पत्र आणि जमा कागदांची यादी आणायची. तुमची बँक थेट त्या बँकेला पैसे देते, मूळ कागद तिथून घेते, उरलेली रक्कम विकणाऱ्याला. तुमच्या हिश्श्याचा मोठा भाग त्याच्या कर्जातच जाणार असेल तर चेक त्याच्या नावाने नको, त्याच्या कर्जखात्याच्या नावाने द्या.

नोंदणीचा दिवस आणि टीडीएस

कर्जमंजुरीचं पत्र हातात आल्याशिवाय मुद्रांक भरू नका. सव्वासहा लाख सरकारजमा झाले आणि व्यवहार मोडला तर परतावा मिळवताना चपला झिजतात. दुय्यम निबंधक कार्यालयात दोन्ही पक्ष, दोन ओळख पटवणारे, आधार-पॅन, फोटो आणि अंगठा. सकाळी लवकरची वेळ घ्या. कराराचा मसुदा आदल्या रात्री स्वतः वाचा. फ्लॅट नंबर, मजला, क्षेत्रफळ, पार्किंग. नंतर चूक दुरुस्त करणं म्हणजे पुन्हा सगळ्यांना गोळा करणं.

मालमत्ता ५० लाख किंवा जास्तीची असेल तर घेणाऱ्याने १ टक्का टीडीएस (विकणाऱ्याच्या नावे आधीच भरायचा आयकर) कापायचा, करारातली किंमत आणि मुद्रांकाचं मूल्य यांतल्या जास्त रकमेवर. इथे ९० हजार. हा वेगळा खर्च नाही, विकणाऱ्याला द्यायच्या पैशांतूनच कापायचा. ज्या महिन्यात कापला तो संपल्यापासून ३० दिवसांत आयकर संकेतस्थळावर भरायचा. टॅन (कर कापणाऱ्याचा वेगळा नंबर) लागत नाही, पॅन पुरतो. विकणाऱ्याचा पॅन आधारला जोडलेला आहे का ते आधी बघा, नसेल तर २० टक्के कापायची पाळी येते. विकणारा परदेशी स्थायिक असेल तर हा १ टक्क्याचा नियम लागूच होत नाही. दर मोठा असतो, सीए गाठा.

सोसायटी

हस्तांतरणाची वर्गणी महापालिका हद्दीत २५ हजारांपेक्षा जास्त घेता येत नाही. ५०० हस्तांतरण फी आणि १०० प्रवेश फी वेगळी. 'इमारत निधीला स्वखुशीने' एक लाख मागितले तर स्वखुशी नाही म्हणून सांगा, हसून. त्याच लोकांबरोबर गणपतीची आरती म्हणायची आहे. उपविधीप्रमाणे हस्तांतरणाला सोसायटीची एनओसी (ना-हरकत पत्र) बंधनकारक नाही, पण बँक मागते, म्हणून सेक्रेटरींना आधीच भेटून ठेवा. भेटलात की दोन गोष्टी काढून घ्या: महिन्याचं मेंटेनन्स, आणि पुढच्या दोन वर्षांत गळती, लिफ्ट किंवा रिडेव्हलपमेंटचा खर्च निघतोय का. इतिवृत्ताची वही दाखवली तर वाचा. दलाल जे बोलत नाही ते तिथे असतं.

ताबा घेताना महावितरणचं शेवटचं बिल, गॅसचं बिल आणि मीटरचे फोटो. नंतर शेअर सर्टिफिकेट, मालमत्ता कर, वीज यांवर नाव.

मूळ कागद बँकेत द्यायच्या आधी पानन् पान स्कॅन करून ठेवा, आणि बँकेकडून जमा कागदांची शिक्का मारलेली यादी घ्या. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत कागद परत द्यायचे असतात, उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५ हजार भरपाई. पण काय दिलं होतं हे दाखवायला ती यादीच लागते.

भाचीचा परवा पुन्हा फोन आला. नेरूळवाल्यांनी सिडकोची मागची फी भरायला नकार दिला, म्हणून तिने तो सोडला. आता ऐरोलीला एक बघतेय, ब्याऐंशीचा. "मामा, खिशातून सत्तावीसच्या आसपास येतायत," ती म्हणाली, "आणि टेप मी घेतलीये."